चार पिवळ्या रेघा

१

धुकं विरलं तेव्हा पाहणीची जीप धावपट्टीच्या मधोमध आडवी पडलेली दिसली. मालवाहू विमान पुढे गवतात जाऊन रुतलं होतं. त्यातले दोघे वैमानिक खरचटण्यावर निभावले. जीप चालवणारा मात्र जागच्या जागी गेला.

तो नवखा असता तर लोक चार दिवस हळहळले असते आणि आपापल्या कामाला लागले असते. पण तो तिथला सगळ्यात जुना ड्रायव्हर. धावपट्टीवरचे खिळे, दगड आणि मेलेले पक्षी उचलण्यात त्याची उमर गेली होती. टॉवरच्या परवानगीवाचून त्याने कधी एक चाक पुढे नेलं नव्हतं. हा घरी पानावर बसतानाही परवानगी मागत असेल, अशी त्याची थट्टा व्हायची. असा माणूस थांबायच्या रेघेपाशी येतो, नीट थांबतो आणि समोरून विमान सुटलेलं असताना जीप भरधाव आत घालतो, याचा अर्थ काय लावायचा? विमानतळाने तो संध्याकाळच्या आत लावून टाकला. त्याने जीव दिला.

आठवडाभराने मुख्य कचेरीतून चौकशीला जो अधिकारी आला, त्याला तोंडावर सगळे साहेब म्हणत आणि पाठ फिरली की शंकासूर. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याची हरकत नव्हती. दहा माणसं एकाच सुरात बोलू लागली की तो अकरावा माणूस शोधायला निघायचा. इथे तर अख्खा विमानतळ एका सुरात बोलत होता.

"यात शोधायचं काय आहे साहेब?" व्यवस्थापक म्हणाला. तो गोरागोमटा, घाईतला गृहस्थ होता. "त्या दिवशी सकाळी घरी कडाक्याचं भांडण झालं होतं त्याचं. डोक्यात राख घालून आला. विमान सुटल्याचं त्याला वायरलेसवर ऐकू येत होतं. तरी थांबला, विचार केला आणि घातली गाडी. ब्रेकची एक खूण नाही. वायरलेसवर एक शब्द नाही."

"तो आत गेला तो रस्ता नवीन आहे म्हणे?"

"नवा जोडरस्ता. विमानांना अजून बंदच आहे, फक्त आपल्या गाड्या जातात. लाल पाट्या यायच्यात, पण रेघा आहेत ना. काय धावपळ केली त्याच्यासाठी! इमारतीकडच्या बाजूला डांबर इतकं ओलं होतं की बूट रुतायचा, तरी रेघा मारून घेतल्या आणि ठरल्या दिवशी रस्ता सुरू केला."

शंकासुराने मान डोलावली. तो उठून दारापर्यंत गेला तेव्हा बाहेरच्या बाकावर एक बाई बसलेली होती. शिपाई तिला घरी जायला सांगत होता आणि ती हलत नव्हती.

"चौकशीचे साहेब तुम्हीच का?" ती म्हणाली. "मी त्यांची बायको. मला तुमचा अहवाल नको. मला एकच गोष्ट सांगा आणि मग हवं ते लिहा."

२

बोलणं तिच्या घरी झालं, कारण कचेरीत तिला हुंदका आवरेना. दोन खोल्यांचं, टापटिपीचं घर होतं. दार तिच्या धाकट्या भावाने उघडलं. विमानतळावर रेघा मारणाऱ्या टोळीचा तो मुकादम. काम पहिल्यांदा भावोजींनीच लावून दिलेलं. त्याने खुर्ची पुढे केली, पाणी आणून ठेवलं आणि बहिणीच्या मागे भिंतीला टेकून उभा राहिला. डोळे सुजलेले होते आणि नखांच्या कडांना पिवळा रंग होता.

"तू जरा बाहेर थांब," बहीण म्हणाली. तो गेला.

मग ती बोलली. त्या दिवशी सकाळी भांडण झालं होतं. कारण सांगायलाही लाज वाटावी इतकं क्षुल्लक. खिडकीची मोडलेली खिट्टी. ती महिनाभर सांगत होती आणि तो उद्या करतो म्हणत होता.

"दारातून जाताना हे म्हणाले, 'आल्यावर करतो.' आणि मी म्हणाले, 'नाही आलात तरी चालेल.'" तिने पदराचं टोक मुठीत आवळलं. "वीस वर्षांच्या संसारात असं कधी बोलले नव्हते हो मी. त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे आणि जिना उतरले."

शंकासुराने पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. अशा वेळी काय बोलायचं ते त्याला इतक्या वर्षांतही जमलं नव्हतं.

"ते मुद्दाम गेले का, एवढंच सांगा. हो म्हणालात तरी चालेल. माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाने माणूस मेला, तर ते मला कळायला हवं. नुसतं टांगून नका ठेवू."

"हे भांडण तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगणार? तोंड आहे का मला? भावाच्या गळ्यात पडून रडले तेव्हा त्याला तेवढं सांगितलं."

शंकासूर उठला. जिन्यात मुकादम पायरीवर बसला होता. तो चटकन उभा राहिला.

"साहेब, ताईला फार छळू नका," तो म्हणाला. "जे झालं ते झालं. लवकर मिटवा हे."

शंकासूर तीन पायऱ्या उतरला आणि थांबला. व्यवस्थापकाला हे भांडण सांगितलं कुणी?

३

टॉवरवरची कंट्रोलर वयाने लहान होती आणि झोप नसल्याने आणखी लहान दिसत होती. त्या सकाळी विमानाला सुटायची परवानगी तिनेच दिली होती.

"धुकं जमिनीलगत होतं," ती म्हणाली. "वरून फक्त जीपचा फिरता दिवा दिसत होता, तोही पुसट. दिवा रेघेपाशी आला आणि थांबला. मी म्हटलं, चला, थांबले. विमानाला सोडलं. आणि दिवा एकदम सुटला, साहेब. म्हणजे चुकून पुढे सरकला असं नाही. बंदुकीतून सुटावा तसा."

"तुम्ही विमानाला सोडलंत हे त्याने ऐकलं असेल?"

"ऐकलंच. एकाच वाहिनीवर असतो आम्ही." तिने डोळे पुसले. "मी परवानगी दिली आणि लगेच ते निघाले. ते माझ्या शब्दाचीच वाट बघत होते. घरी भांडण झालं होतं म्हणे."

"म्हणे म्हणजे? कोण म्हणालं?"

"मुकादमदादा. व्यवस्थापकसाहेबांनाही त्यांनीच सांगितलं. त्यांच्या घरचंच ना ते."

सख्ख्या बहिणीच्या घरची गोष्ट, तीही अशी. एरवी भाऊ असली गोष्ट गिळून टाकतो, कुणी विचारलंच तर अंगावर धावून जातो. हा दारोदार सांगत फिरला होता. शंकासुराला हे मुळीच आवडलं नाही.

तो मास्तरांकडे गेला. धावपट्टीच्या आसपास गाडी चालवायची तर आधी मास्तरांच्या हाताखाली शिकावं लागे. मेलेला ड्रायव्हर त्यांचा लाडका शिष्य होता.

"रेघांचं मला पहिल्यापासून सांगा," शंकासूर म्हणाला. "मी बिगरीतला आहे असं समजून."

मास्तरांनी खडू घेतला आणि फळ्यावर चार आडव्या रेघा ओढल्या, दोन सलग आणि दोन तुटक. "धावपट्टीला मिळणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर या चार असतात. सलग दोन इमारतीकडे, तुटक दोन धावपट्टीकडे. आपण इमारतीकडून आलो की आधी सलग दिसतात. तिथे थांबायचं, टॉवरला विचारायचं. हो आल्याशिवाय हलायचं नाही."

"आणि आधी तुटक दिसल्या तर?"

"तर आपण धावपट्टीवर उभे आहोत. परत येताना त्या तशाच दिसतात ना." मास्तरांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. "तेव्हा थांबायचं नाही, विचारायचं नाही, वायरलेसला हात लावायचा नाही. तुटक रेघा ओलांडायच्या आणि सलगच्या पलीकडे जायचं. आधी बाहेर, मग बोलणं. विमान येत असेल तर एक सेकंदही..."

ते बोलता बोलता थांबले. खडू फळ्यावर टेकलेलाच राहिला.

"धुक्यात," शंकासूर हळूच म्हणाला, "नव्या काळ्या डांबरावर, पाटी नाही, दिशा कळत नाही, वळण चुकलं तरी उमगत नाही. माणूस थांबतो. खाली बघतो. त्याच क्षणी कानात येतं की विमान सुटलं. आणि चाकापुढे त्याला तुटक रेघ दिसली तर तुमचा शिष्य काय करेल?"

मास्तर खुर्चीत बसले. "पण रेघा बरोबर आहेत," ते कसेबसे म्हणाले. "मी कालच पाहिल्यात. सलग या बाजूला आहेत."

४

मास्तर खोटं बोलत नव्हते. दुपारच्या उन्हात जोडरस्त्यावरच्या चारही रेघा जिथल्या तिथे होत्या. इमारतीकडे सलग, धावपट्टीकडे तुटक. व्यवस्थापक मास्तरांशेजारी हाताची घडी घालून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

शंकासूर गुडघ्यांवर बसला. अपघाताचे ढीगभर फोटो काढलेले होते, पण सगळे जीपचे आणि विमानाचे. रेघांचा एकही नव्हता. रेघांचा फोटो कोण काढतो? रोज ज्यावरून जातो ते माणसाला दिसत नाही.

जीप जिथे थांबली होती तिथून टायरचे दोन काळे पट्टे सुरू होत होते. उभी गाडी एकदम दामटली की रबर घासून पडतात तसे. ते दोन्ही पट्टे सरळ रेघांकडे जात होते. डाव्या चाकाचा पट्टा पिवळ्या रेघांवरून स्पष्ट पलीकडे गेला होता.

उजव्या चाकाचा पट्टा पहिल्या रेघेपर्यंत आला आणि नाहीसा झाला. पहिल्या रेघेवर नव्हता, दुसऱ्या रेघेवरही नव्हता. दोन्हींच्या मधल्या डांबराच्या फटीत मात्र होता. पुढे डांबर लागलं की परत सुरू.

"चाक उडून गेलं का हो रेघांवरून?" शंकासुराने विचारलं.

तो आणखी वाकला. पट्टा नाहीसा झाला होता तेवढ्या तुकड्यातला पिवळा रंग शेजारच्यापेक्षा ताजा होता, अंड्याच्या बलकासारखा गडद. तसे ताजे तुकडे पहिल्या दोन रेघांवर ठरावीक अंतराने, या टोकापासून त्या टोकापर्यंत होते. पलीकडच्या दोन रेघांत, जिथे रेघ तुटली होती, तिथलं काळं डांबरापेक्षा काळं होतं. तो रंग होता. त्याने नखाने खरवडलं, तर खालून पिवळं वर आलं.

"या बाजूच्या रेघा तुटक होत्या," तो उठत म्हणाला. "डावं चाक रेघेच्या तुकड्यावरून गेलं, त्याचा डाग राहिला. उजवं चाक मोकळ्या जागेवरून गेलं, आणि ती जागा नंतर कुणीतरी भरली. डाग रंगाखाली गेला. पलीकडच्या सलग होत्या, त्या काळ्या रंगाने तोडल्या. म्हणजे माणूस मेला तेव्हा चारही रेघा उलट्या होत्या."

व्यवस्थापकाच्या हातांची घडी सुटली. मास्तर खाली बघत होते.

"रस्ता सुरू झाल्यापासून मी रोज इथून जातोय," मास्तर म्हणाले. "आम्ही सगळेच. उजेडात समोर धावपट्टी दिसते, थांबायची सवय आहे, थांबतो. खाली बघतंय कोण? तोही इतके दिवस तसाच गेला असेल." ते रेघेपासून एक पाऊल मागे सरले. "ज्या दिवशी धावपट्टी दिसली नाही, त्या दिवशी त्याने मी शिकवलं तसं केलं."

आता एकच राहिलं होतं. ड्रायव्हर मेल्यावर रेघा सुधारणारा माणूस असा हवा, ज्याला टॉवरवरच्या मुलीच्या आधी, मास्तरांच्या आधी कळलं होतं की जीप का सुटली.

५

रंगाची शेड इमारतीच्या मागे होती. मुकादम एकटाच होता. भिंतीला रेघांचा पत्र्याचा साचा टेकवलेला होता आणि त्याच्यावर जुन्या रंगाची पुटं चढली होती.

"हा जमिनीवर कसा ठेवता?" शंकासुराने विचारलं.

मुकादमाने साचा उचलला आणि खाली मांडला. हाताला सवय होती, डोकं वापरायची गरजच नव्हती. सलग बाजू त्याच्या पायाशी आली, तुटक बाजू समोर.

"नेहमी असाच?"

"नेहमी. आम्ही इमारतीकडून येतो ना. सलग पायाशी, तुटक तोंडासमोर. पोरंसुद्धा डोळे मिटून ठेवतात."

"नव्या जोडरस्त्याच्या वेळी इमारतीकडचं डांबर ओलं होतं. बूट रुतत होते, तर तुमचं रंगाचं यंत्र तिथून कसं जाणार? तेव्हा तुम्ही कुठून आलात?"

मुकादम साच्याकडे बघत राहिला.

"धावपट्टीकडून," तो शेवटी म्हणाला.

"आणि साचा?"

"सलग पायाशी." तो रंगाच्या डब्यावर बसला. "साहेब, कळलंच नाही हो. इतकी वर्षं केलं, एकदा उलट्या बाजूने आलो आणि हात आपला तसाच चालला. भावोजींचा अपघात ऐकून धावत सुटलो तो त्याच रस्त्याने गेलो. धुकं निवळत होतं. रेघेपाशी आलो आणि पाय उचलेना. तेव्हा दिसलं."

"धावपट्टी बंद होती. सगळे जीपभोवती होते. तेवढ्यात रंगवलंत."

"आधी खरंच वाटलं, दुसरा कुणी जायला नको. म्हणून सुधारली. मग सांगणार होतो, आईशपथ सांगणार होतो. घरी गेलो तर ताईने मिठी मारली. म्हणाली, 'माझ्यामुळे गेले रे.' मी तोंड उघडलं आणि शब्दच निघेना."

"आणि मग तेच विमानतळभर सांगितलंत."

मुकादमाने मान खाली घातली. "मला वाटलं, भांडणाचं कळलं की कुणी रेघ बघणार नाही."

शंकासुराला संताप आला आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. समोर खलनायक असता तर बरं झालं असतं. समोर एक रडवेला माणूस होता. त्याने चुकून एक जीव घेतला होता आणि मग समजून उमजून आपल्या बहिणीला त्या चुकीखाली गाडलं होतं.

"चला," शंकासूर म्हणाला. "तिला तुम्ही सांगायचं."

"नाही जमणार साहेब."

जिन्यापर्यंत तो आला. वर मात्र त्याचे पाय चढेनात.

६

तेव्हा शंकासूर एकटाच वर गेला. उभ्याउभ्याच त्याने सांगून टाकलं, "त्यांनी जीव दिला नाही. त्यांना जगायचं होतं, म्हणूनच त्यांनी जीप पळवली. धावपट्टीवरून बाहेर पडतोय असं त्यांना वाटलं, कारण रेघ उलटी होती. तुमच्या बोलण्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही."

ती भिंतीला धरून खाली बसली. कित्येक दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखा तिने श्वास घेतला आणि मग मोठ्याने रडली. शंकासुराला क्षणभर वाटलं, इथेच थांबावं आणि निघून जावं. तेवढं तरी सुख तिच्या पदरात राहू द्यावं.

"उलटी रेघ कुणी मारली?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. सुधारली कुणी तेही सांगितलं आणि भांडणाची गोष्ट कुणी पसरवली तेही सांगितलं. सांगताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

तिचं रडं थांबलं होतं. ती बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता, शेजारणीशी बोलावं तसा.

"इतके लोक येऊन गेले. सगळे म्हणायचे, तुझा दोष नाही. म्हणताना नजर चुकवायचे. मला कळायचं हो, मनात काय आहे ते. एकटा तो. रोज माझा हात हातात घ्यायचा, माझ्या डोळ्यांत बघायचा आणि म्हणायचा, 'ताई, भावोजी तुझ्यामुळे गेले नाहीत. मला माहीत आहे.' एवढ्या खात्रीने दुसरं कुणी बोललं नाही. मी म्हणायची, बघा, पाठचा भाऊ असावा तर असा. त्याच्या त्या शब्दावर मी आजपर्यंत तग धरला, साहेब."

कोडं सुटलं होतं आणि त्यातून कुणाच्याही हाती काही आलं नव्हतं.

"आहे कुठे तो?" तिने विचारलं.

"खाली. जिन्यात बसलाय. वर यायची हिंमत होत नाही त्याची."

ती भिंतीचा आधार घेत उठली आणि दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला, पण दार उघडलं नाही.

"त्याने सकाळपासून काही खाल्लंय का?" ती म्हणाली, आणि आपण काय विचारलं ते कानावर पडताच तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.